उघड्या डोळ्यांचे मिस्त्री

खपली उडाली आणि माझा हात थांबला.

मी ट्रॉलीच्या दांड्यापाशी उकिडवी बसले होते. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला अडकवतात ती या दांड्यानं. भरलेल्या ट्रॉलीचा सगळा ओढा त्याच्यावर येतो, म्हणून आमच्या शेडमध्ये दांड्याचा जोड एकच माणूस मारायचा, दस्तगीर शिकलगार मिस्त्री. वेल्डिंग थंड झालं की त्याच्यावर काळी खपली धरते. ती हातोडीनं उडवायची, तारेच्या ब्रशनं घासायचं आणि जोड रंगाला तयार करून द्यायचा, एवढं माझं काम.

खपलीखालची वळ, म्हणजे वेल्डिंगची उठलेली रेघ, नेहमीसारखी देखणी होती. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली, कुठं खड्डा नाही की फुगवटा नाही. फक्त ती जोडावर नव्हती. दोन जाड पट्ट्या जिथं भेटतात, त्या फटीच्या शेजारून ती चार बोटं लांब गेली होती आणि मग हळूच फटीवर आली होती. तेवढी फट उघडीच राहिली होती. मी तिच्यात हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं घालून बघितलं. पातं आत गेलं.

मी मान वर केली. फिटर तानाजी अंगणात चाकाचे नट आवळत होता. मालक चौगुलेआण्णा टेबलावर फोनला चिकटलेले. मिस्त्री दाराशी स्टुलावर बसून बिडी ओढत होते. दोन दिवसांवर दसरा होता. त्या मुहूर्तावर ही ट्रॉली भगवान थोरात नावाचे ऊसवाहतूकदार नेणार होते आणि नंतर लगेच बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आणायला जाणार होते. म्हणजे पहिली खेप उसाची नव्हतीच, माणसांची होती. बायका, लेकरं, कोंबड्या, भांडीकुंडी, सगळं त्या दांड्याच्या भरवशावर.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. आष्ट्याच्या रस्त्यावर आण्णांचं शेड होतं आणि मी तिथं सहा महिन्यांपूर्वी लागले होते. सांगलीच्या आयटीआयमधून वेल्डर ट्रेड पास झालेली त्या वर्षीची मी एकटी मुलगी. वैजयंता शेवाळे हे नाव निकालाच्या कागदावर वाचून आण्णांना हसू आलं होतं. तरी त्यांनी ठेवून घेतलं, कारण हंगामाच्या तोंडावर माणूस मिळत नव्हता.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी रॉड लावलेला होल्डर पुढं केला आणि म्हणाले, "हं, मार एक टाका."

मी म्हटलं, "चाचा, शील्ड कुठाय?"

तानाजी जे हसायला लागला ते थांबेना. "मिस्त्रींच्या शेडात शील्ड मागती. देवळात जाऊन नारळ कुठाय म्हणून विचारावं तसं झालं की." मला त्याचा दाखला कळला नाही, पण हसणं कळलं.

दस्तगीर मिस्त्री उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करायचे. पाच-दहा गावांत त्यांची तीच ख्याती होती. रॉड टेकवताना मान जरा तिरकी करायचे, डोळे बारीक करायचे आणि त्या पांढऱ्या उजेडात सरळ बघत राहायचे. त्यांच्या उस्तादानं तसंच शिकवलं होतं. काळी काच म्हणजे कच्च्या माणसाची कुबडी, असं ते मानायचे. कधीमधी डोळ्यांना उजेड लागायचा, ते वाळू भरल्यासारखे टोचायचे, मग घरी जाऊन बटाट्याचे काप ठेवून पडायचे आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद डोळ्यांनी हजर. गिऱ्हाईक ते डोळे कौतुकानं बघायचे.

मी दुसऱ्या दिवशी तोंडापुढं धरायची माझी स्वतःची शील्ड घेऊन आले. अकरा नंबरची काळी काच, तिच्यापुढं साधी पांढरी काच. पांढरीवर ठिणग्यांचे डाग पडले की मी ती बदलायची. ग्राइंडर चालवताना गॉगल. डोळ्यात काही गेलंसं वाटलं तर चोळायचं नाही, आधी हात धुवायचे आणि मग डोळ्यांवर पाण्याचे हबके. दुसरा कोणी वेल्डिंग करत असेल तर तिकडं पाठ. आणि तीन रॉड जळले की बाहेर येऊन समोरच्या डोंगराकडं थोडा वेळ नुसतं बघत उभं राहायचं. आयटीआयतल्या गायकवाड सरांनी या सवयी लावल्या होत्या. त्यांचा एक डोळा ग्राइंडरवरून उडालेल्या लोखंडाच्या कणानं गेला होता, त्यामुळं त्यांना फार बोलावं लागायचं नाही.

शेडमध्ये मात्र माझं डोंगर बघणं हा करमणुकीचा विषय झाला. "सासर तिकडं बघितलंय वाटतं," तानाजी म्हणायचा. आण्णा घड्याळाकडं बघायचे. मिस्त्रींनी फक्त एक केलं. मला फळ्यांचे, साखळीच्या कड्यांचे किरकोळ जोड दिले आणि त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक दांड्याची खपली काढायचं काम माझ्या गळ्यात मारलं. दुसऱ्या कुणालाच ते त्याला हात लावू देत नसत. आयटीआयला पहिल्या नंबरानं पास झालेली मी, सहा महिने दुसऱ्याच्या कामाची साफसफाई करत होते. घरी आई विचारायची, आज काय केलंस. मी म्हणायचे, वेल्डिंग. आणि माझं मलाच खोटं वाटायचं.

तर त्या दिवशी मी पातं खिशात घातलं आणि मिस्त्रींकडं गेले.

"चाचा, जरा येता का?"

"काय ते हितंच सांग."

"दांड्याचा जोड बघायचाय."

"मी मारलेला जोड मीच परत बघू?" ते हसले. "रंग लाव जा."

मी वाकून त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं, "खालच्या अंगाला वळ बाजूला गेलीय. फट उघडी आहे. चार बोटं."

बिडी त्यांच्या बोटांत तशीच राहिली. ते माझ्याकडं बघत होते, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी होती. ती त्यांची खोडच होती, बोलताना माणसाच्या तोंडाकडं सरळ न बघण्याची. मला वाटायचं, मी बाई म्हणून.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग रंग लाव," ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

मी डबा उघडला. लाल ऑक्साइडचा वास आला. ब्रश बुडवला आणि दांड्यापाशी जाऊन बसले. रंगाचा एक हात दिला की संपलं होतं. फट रंगानं भरली असती, कुणाच्या बापाला कळलं नसतं. जोड मिस्त्रींचा, नाव मिस्त्रींचं, मी कोण? पण पातं आत गेलेलं माझ्या बोटांना कळलं होतं. मी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, डबा बंद केला आणि बाकीची ट्रॉली रंगवली. दांडा तेवढा तसाच सोडला. मिस्त्री संध्याकाळी त्याच्या जवळून सरळ घरी गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आण्णांनी सकाळीच शेड झाडून घेतलं होतं. टेबलावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. हत्यारं एका ओळीत मांडली होती. एकदा पूजा झाली की हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, ती विश्रांतीला. तेवढ्यात थोरातदादा मोटरसायकलवरून उतरले. दसऱ्याला येणार होते, पण ट्रॉली बघितल्याशिवाय त्यांना दम निघत नव्हता.

त्यांनी ट्रॉलीला फेरी मारली, हात फिरवला आणि दांड्यापाशी थांबले. "आण्णा, हे कोरं का ठेवलंय?"

आण्णांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री स्टुलावरून उठले नाहीत.

"तिला विचारा," ते म्हणाले.

चारी माणसं माझ्याकडं बघायला लागली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी मिस्त्रींचा राग आला. त्यांनी मला एकटीला पुढं ढकललं होतं. मी बोलले तर एका नावाजलेल्या माणसाची इज्जत त्याच्याच मालकापुढं आणि गिऱ्हाइकापुढं जाणार होती. गप्प बसले तर ती ट्रॉली दोन दिवसांनी बीडच्या वाटेला लागणार होती.

"जोड अर्धा बाजूला पडलाय," मी म्हटलं. "कापून परत मारावा लागेल. म्हणून रंग लावला नाही."

"कुणाचा जोड?" आण्णांचा आवाज चढला.

"कुणाचा का असेना, आण्णा. कापायला पाहिजे."

"सव्वीस वर्सं झाली ह्या माणसाला. एक दांडा तुटून आला न्हाई. आन् तू काल आलेली..."

थोरातदादा खाली वाकले. "वळ तर झकास दिसतीया की, ताई."

"वळ झकास आहे," मी म्हटलं. "जागा चुकलीय." मी खिशातलं पातं काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि फट दाखवली. त्यांनी घातलं. पातं सरकत आत गेलं, पार करवतीच्या दात्यांपर्यंत. थोरातदादांनी ते बाहेर काढलं, परत घातलं.

मिस्त्री उठले. सावकाश आले, खाली बसले आणि उजव्या हाताचा अंगठा जोडावरून फिरवला. एकदा वरून, एकदा खालून. फटीवर अंगठा थांबला. ते डोळ्यांनी बघतच नव्हते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कापा," ते म्हणाले.

"दस्तगीरभाई, आज खंडेनवमी. पूजा..."

"पूजा दुपारी करू. हत्यारांची कामं अर्धी ठेवून कसली पूजा करता?" ते उभे राहिले. "कापा. आन् जोड हिनं मारायचा."

आण्णांनी हळदकुंकू बाजूला सरकवलं.

मी गॉगल लावला, ग्राइंडर घेतला आणि ती देखणी वळ पुरती छिलून काढली. मन खात होतं, पण हात थांबवला नाही. फट दोन्ही अंगांनी उतरती केली, घासून चकचकीत केली. मग ताडपत्रीचा आडोसा बांधला. थोरातदादा जवळच उभे होते. मी म्हटलं, "दादा, तिकडं तोंड करून उभं राहा. बघू नका." ते मुकाट्यानं वळले. तानाजीही वळला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मिस्त्री ताडपत्रीच्या पलीकडं, माझ्याकडं पाठ करून, जमिनीवर बसले.

मी शील्ड तोंडावर घेतली. सगळं काळं झालं. रॉड टेकला आणि त्या काळोखात एवढासा हिरवट उजेड फुटला. त्यात वितळलेलं लोखंड दिसत होतं, फटीच्या दोन्ही कडा दिसत होत्या, खपली मागं सरकताना दिसत होती. त्या काचेतून जे दिसतं ते उघड्या डोळ्याला कधीच दिसत नाही.

"लांब गेलीस," पलीकडून आवाज आला. "जवळ ने."

मी हात अर्धं पेर खाली घेतला.

"हां. असा. भजी तळल्यासारखा आवाज यायला पायजे. फडफडला का लांब गेलं समजायचं, दबला का अडकलं."

मी तशीच चालत राहिले. मला कडा दिसत होत्या आणि त्यांना आवाज ऐकू येत होता. तळाचा पहिला थर झाला. मी खपली काढली, ब्रश मारला, फट बघितली. दुसरा थर. तिसरा रॉड संपला तेव्हा मी शील्ड खाली ठेवली आणि उठून अंगणात आले.

"आता कुठं निघाली?" आण्णा वैतागले. "सगळी खोळंबून बसल्यात."

"जाऊ दे तिला," मिस्त्री म्हणाले. "तिची रीत हाय ती."

मी समोर डोंगराकडं बघत उभी राहिले. पायथ्याच्या उसाचा हिरवा, वरच्या कुरणाचा पिवळा, माथ्यावरच्या एका झाडाचा काळपट. मग आत जाऊन मी वरचा थर मारला.

जोड थंड झाल्यावर खपली मीच काढली. थोरातदादांनी पातं घेतलं आणि कडेकडेनं सगळीकडं घालून बघितलं. कुठं गेलं नाही. मग आण्णांनी दांड्याखाली जॅक लावला, ट्रॉलीत पट्ट्यांची थप्पी टाकली आणि तानाजीनं घणाचे दहा-बारा ठोके घातले. दांडा जागचा हलला नाही. थोरातदादा एवढंच म्हणाले, "रंग लावा, ताई. उद्या नेतो." माझ्या वळीला मिस्त्रींच्या वळीची सर नव्हती. एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी बारीक. पण ती जिथं असायला हवी तिथं होती.

मी हात धुवायला नळावर गेले. मिस्त्री मागून आले आणि हौदाच्या कट्ट्यावर बसले.

"वैजू, तुझं तोंड मला दिसत न्हाई," ते म्हणाले.

मी नळ बंद केला.

"कडंनं दिसतंय. कान दिसत्यात, कॉलर दिसती. मधी काळा ठिपका. जिथं बघायला जावं तिथं तो आधी जाऊन बसतोय. दोन पावसाळं झालं."

"कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगणार? उघड्या डोळ्यांचा मिस्त्री म्हणून नाव हाय माझं." ते किंचित हसले. "हाताला सवय होती, कानाला कळत हुतं. जमत गेलं."

"म्हणजे या सहा महिन्यांतले सगळे दांडे..."

"ते तू बघितलेस की. एकेक. घासून, पुसून. काय खोट हुती त्यात?"

मी आठवून बघितलं. हा सोडून एकवीस दांडे होते. खपली काढताना मी प्रत्येकाची फट नजरेखालून घातली होती, रागारागानं का होईना. "नव्हती," मी म्हटलं.

"मग? ते काम तुलाच का दिलं असं तुला वाटतं? तानाजीनं माझं नाव बघून रंग फासला असता. आण्णांनी बी. तू पहिल्या दिशी आलीस आन् माझ्याच तोंडावर शील्ड मागितलीस. मी म्हटलं, ही पोरगी नाव बघायची न्हाई, जोड बघंल."

मी सहा महिने ज्याला अपमान समजत होते, तो त्यांनी माझ्यावर टाकलेला भरवसा होता. हे मला तिथं, ओल्या हातांनी उभं असताना कळलं. तरी एक गोष्ट खुपत होती आणि ती मी विचारली.

"मग काल रंग लाव का म्हणालात?"

नळाचं पाणी ठिबकत होतं.

"काल वाटलं, लावलास तर बरं हुईल," ते म्हणाले. "माणूस भितो, पोरी. सकाळी येऊन हात लावला तर दांडा कोरा. लाज वाटली. आन् बरं बी वाटलं."

दिवाळी झाल्यावर मी आणि त्यांची बायको हलीमाचाची त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला आणि कडेची नजर पुष्कळ उजळली. पण पडद्याच्या मध्यावर उजेडानं जी जागा भाजली होती, ती परत येणारी नव्हती. "काच लावली असती तर हे झालंच नसतं," डॉक्टर म्हणाले. चाचा म्हणाले, "व्हय साहेब, आमच्यात एक लावती."

त्यांनी पुन्हा होल्डर हातात घेतला नाही. आण्णांनी त्यांना काढलंही नाही. ते ताडपत्रीच्या पलीकडं स्टूल टाकून बसायचे आणि आवाजावरून चुका सांगायचे. आण्णांनी तीन शील्ड आणि अर्धा डझन गॉगल आणले. पहिला गॉगल तानाजीनं उचलला.

आज माझं वय बावन्न आहे. पंचेचाळिशीला वाचायचा चष्मा लागला, तो सगळ्यांनाच लागतो. पण तीस वर्षांच्या वेल्डिंगनंतर माझा पडदा स्वच्छ आहे, असं दरवर्षी तपासणीला गेले की डॉक्टर सांगतात, आणि दरवर्षी मी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेते. माझ्या हाताखालून एकोणीस मुली आणि चाळीसेक मुलं शिकून गेली. एकाचाही डोळा गेलेला नाही. लोक माझ्या जोडांचं कौतुक करतात, मला अभिमान या आकड्याचा आहे.

पण त्या हंगामातलं सांगायचं राहिलं. कार्तिकात कारखाने जोरात चालू झाले होते. एक अनोळखी शेतकरी शेडच्या दाराशी आला. मी आत आडोशाला काम करत होते, शील्ड तोंडावर होती, त्यामुळं मला तो दिसला नाही, फक्त ऐकू आला.

"थोरातांच्या ट्रॉलीचा दांडा ज्यांनी मारला त्यांच्याकडनं करून घ्यायचंय," तो म्हणाला. "मिस्त्री कुठं हायत?"

मला वाटलं, चाचा हाक मारतील. ए वैजू, उठ गं, म्हणतील. रोज तसंच म्हणायचे.

"आत काम करत्यात," दस्तगीर मिस्त्री म्हणाले. "बसा जरा. त्यांचा तेवढा रॉड संपू द्या, मग बोला त्यांच्याशी."